सोमवारचा रकाना

दुरेघी वही आण म्हटलं होतं, तू आणलीस चौकटींची.
चालेल. चौकटींत आठवडा बरा बसतो.
सात उभे रकाने पाड, राजसी,
आणि पट्टी घट्ट धर, पटर धरतेस तशी नको.

मंगळवारपासून लिही.
पहाटे साडेपाच, राजवाड्याकडचे मोर
ओरडायच्या आत ग्रीनवर.
चार फुटांवरून शंभर चेंडू आत ढकलायचे.
नव्व्याण्णवावा चुकला तर पुन्हा एकपासून.
चिडशील.
चिडायलाही वेळ राखून ठेव, पाच मिनिटं,
तेवढीच.

बुधवारी वेज. तीस यार्ड, पन्नास, सत्तर.
डाव्या हाताला घड्याळाचा काटा समज:
साडेसातला थांबला की तीस, नऊवर पन्नास.
साडेदहाच्या पुढे नेऊ नकोस,
तिथे फक्त हौस असते.

गुरुवारी ड्रायव्हर, पण चाळीसच चेंडू.
बादली रिकामी करणं म्हणजे सराव नव्हे.
निझामपुऱ्यातले ते दातांचे डॉक्टर
वीस वर्षं बादल्या रिकाम्या करताहेत,
चेंडू अजून उजवीकडेच जातो,
आता फक्त जास्त लांब जातो.

शुक्रवारी क्लबला हात नाही.
कमाटीबागेला फेऱ्या, मग दोरीच्या उड्या, मग बैठका.
पंधराव्या होलवर माणसं पायांनी हरतात
आणि वाऱ्याला शिव्या देतात.
सेव-उसळ शनिवारी, पूर्ण फेरी खेळून झाल्यावर.
त्याआधी वासही नको.
आणि स्कोअर पेनने. पेन्सिलीला खोडरबराची चटक असते.

रविवारी मारायचं काही नाही, नुसतं लिहायचं.
कुठे चुकलं, वारा कुठला, रात्री झोप किती,
बाबांशी वाजलं होतं का.
हो, तेही. मनगटात उतरतं ते.

"आणि सोमवार, काका?"
सोमवारी मैदान सभासदांना बंद.
लिही, विश्रांती.

तू लिहिलंस. मी पुढचं बोललो नाही.

सोमवारी मैदान आमचं असे,
पिशव्या वाहणाऱ्या पोरांचं.
वाडीतून, वाघोडिया रोडवरून सायकली हाणत यायचो,
तिघांत मिळून एक सात नंबरची आयर्न,
ग्रिपला फाटक्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.
वाळूतून काढायला तीच, भोकात ढकलायलाही तीच.
छोटू राठवा तिच्यानेच कडुलिंबावरून चेंडू न्यायचा
आणि वर बघायचासुद्धा नाही.
आखणीबिखणी कुणाची नव्हती.
आठवड्याला एकच दिवस, त्याला रकाने कसले?
उरलेले सहा दिवस डोळे सराव करायचे,
खांद्यावर दुसऱ्याचे चौदा क्लब असताना.
साहेबांची कंबर आधी फिरते की खांदा,
हे साहेबांआधी आम्हाला कळायचं.
सांगायचं नसे.

काल सोमवार.
बासष्ट वर्षांचा गुडघा घेऊन मी पहिल्या टीवर,
चार क्लब सुतळीने बांधलेले.
तू कुंपणाशी उभी. वही नव्हती.
"विश्रांतीच घेतेय," म्हणालीस,
आणि माझी मोळी खांद्यावर टाकलीस.

मी ड्रायव्हर मागितला.
तू सात नंबर पुढे केलीस.
बाकी काही बोलली नाहीस, तेच बरं केलंस.

चेंडू डावीकडे गेला, थेट वानरांच्या पंगतीत.
एकाने उचलला, हुंगला,
दोन हात पलीकडे नेऊन ठेवला,
जणू रेषा वाचून.
नियम मला पाठ आहे,
होता तिथे परत ठेवायचा.
सांगायला तोंड उघडलं,
तर तू केव्हाच निघाली होतीस,
पावलं मोजत,
ओठ न हलवता,
कॅडी मोजतो तशी.